शिवणीशिवाय : गोल विणकाम आणि त्याच्या सुया

कपाटातला एखादा पायमोजा काढा, उलटा करा आणि त्यावरून बोट फिरवा. बोटांजवळ एक आडवी शिवण लागेल. तिथून टाचेपर्यंत आणि टाचेपासून वरच्या काठापर्यंत कुठेही जोड सापडणार नाही. मग गंजीफ्रॉक पाहा. त्याला खांद्यावर शिवण असते, पण बऱ्याच गंजीफ्रॉकांना काखेपासून खाली बाजूची शिवण नसतेच, कारण ते कापड मुळात नळीसारखं विणलेलं असतं. तमिळनाडूत तिरुपूरला गोल यंत्रांवर अशा कापडाच्या नळ्या सतत विणल्या जातात.

गोल विणकाम आपण रोज अंगावर घालतो. घरी लोकर घेऊन बसलो, की मात्र बहुतेकजणी सपाट पट्ट्या विणतात. स्वेटरची पाठ वेगळी, पुढचा भाग वेगळा, दोन बाह्या वेगळ्या आणि शेवटी सुईत लोकर ओवून सगळं जोडायचं. टोपरंसुद्धा सपाट विणून मागे शिवायचं. तान्हं बाळ दिवसाचा बराच वेळ पाठीवर झोपलेलं असतं, त्यामुळे ती शिवण नेमकी त्याच्या डोक्याखाली येते. मी गोल विणकाम शिकले ते या एका शिवणीपायी. शिकल्यावर कळलं, की त्यासाठी नवा टाका शिकावा लागत नाही. सुलट आणि उलट हे दोन टाके ज्या हातांना येतात, त्यांना गोल विणकाम जवळजवळ आलेलंच असतं. अडतं ते सुईपाशी. कोणती सुई, किती लांब, किती जाड आणि कशाची, एवढं नीट समजलं की पुढचा रस्ता सोपा आहे.

तोच टाका, फक्त वळायचं नाही

दोन सुयांवर विणताना ओळ संपली की आपण विणकाम फिरवतो. पुढची ओळ मागच्या बाजूने विणली जाते. म्हणून साधी गुळगुळीत वीण हवी असेल, तर एक ओळ सुलट आणि एक ओळ उलट विणावी लागते. उलट टाका हा मागून पाहिलेला सुलट टाकाच असतो. कोणताही टाका बोटांनी ताणून दोन्ही बाजूंनी पाहिला, की हे लगेच पटतं.

गोल विणताना विणकाम फिरवायचं नसतं. शेवटचा टाका विणून झाला की पुढचा टाका म्हणजे त्याच फेरीचा पहिला टाका. चांगली बाजू कायम आपल्यासमोर राहते आणि सगळ्या फेऱ्या सुलट विणल्या की गुळगुळीत वीण तयार होते. उलट टाक्यांचा कंटाळा असणाऱ्यांना एवढं एक कारणही पुरतं. गणित इथे बदलतं, हे मात्र लक्षात ठेवायला हवं. सपाट विणताना सगळ्या ओळी सुलट विणल्या, की दोन्हीकडे उंचवट्याच्या आडव्या रेघा येतात. तीच वीण गोलात हवी असेल, तर एक फेरी सुलट आणि एक फेरी उलट विणावी लागते. सपाट विणकामाचा नमुना गोलात आणताना मागच्या बाजूच्या ओळी उलटून घ्याव्या लागतात. त्या ओळींमधला उलट टाका सुलट होतो, सुलट टाका उलट होतो. चौकटींचा तक्ता असेल, तर तो प्रत्येक फेरीला उजवीकडून डावीकडेच वाचायचा.

फेरी संपली असं आपण म्हणतो खरं, पण ती कुठेच बंद होत नाही. गोल विणकाम मळसूत्रासारखं वर चढत जातं. एका रंगात हे दिसून येत नाही. दोन रंगांचे पट्टे घातले, की फेरी जिथे सुरू होते तिथे पट्ट्याला एक पायरी पडते. यावर सोपा उपाय आहे. नव्या रंगाची पहिली फेरी नेहमीसारखी विणायची आणि दुसऱ्या फेरीचा पहिला टाका न विणता नुसता उजव्या सुईवर सरकवायचा. पायरी बरीचशी झाकली जाते.

पहिली फेरी सावकाश

गोल विणकामात न सुधारता येणारी चूक एकच आहे आणि ती सुरुवातीलाच होते. टाके घालून झाल्यावर ते सुईभोवती पीळ खाऊन बसतात. तसेच जोडले, तर नळीऐवजी पिळलेला पट्टा तयार होतो. माझी पहिली टोपी अशीच गेली. बोटभर विणून झाल्यावर पीळ दिसला आणि सगळं उसवावं लागलं. तेव्हापासून मी टाके घातल्यावर विणकाम मांडीवर सपाट मांडते. टाक्यांच्या खालचा जाडसर काठ सुईच्या आतल्या बाजूला, गोलाच्या मध्याकडे, एकसारखा फिरतो की नाही हे बोटाने चाचपत पूर्ण वर्तुळ बघते. पहिली फेरी संपल्यावर पुन्हा एकदा बघते. तोवर पीळ लक्षात आला, तर फेरीच्या सांध्यावर तो सरळ करता येतो. त्यानंतर उसवण्यावाचून मार्ग नसतो.

जोडायचं कसं? एक टाका जास्तीचा घालायचा. वर्तुळ जुळवल्यावर तो शेवटचा टाका डाव्या सुईवर पहिल्या टाक्याशेजारी आणायचा आणि दोन्ही टाके एकत्र विणायचे. सांध्यावर भोक पडत नाही. फेरी कुठे सुरू होते हे कळायला सुईवर एक खूण अडकवायची. दुकानात त्यासाठी प्लॅस्टिकच्या कड्या मिळतात, पण वेगळ्या रंगाच्या लोकरीचा छोटा फासाही चालतो. फेरी संपली की खूण एका सुईवरून दुसऱ्या सुईवर सरकवायची.

चार सुया, एक गोल सुई आणि लांब गोल सुई

गोल विणण्याचे तीन मुख्य मार्ग आहेत.

सगळ्यांत जुना मार्ग आहे दोन्हीकडे टोक असलेल्या आखूड सुयांचा. चार किंवा पाच सुयांचा संच मिळतो. समजा, मोज्यासाठी ६० टाके घातले. ते तीन सुयांवर वीस-वीस वाटायचे आणि त्यांचा त्रिकोण करायचा. चौथ्या रिकाम्या सुईने पहिल्या सुईवरचे टाके विणायचे. ते संपले, की पहिली सुई रिकामी होते आणि तिने दुसरीवरचे विणायचे. पाहणाऱ्याला चारही सुया एकदम चाललेल्या वाटतात. प्रत्यक्षात एका वेळी दोनच सुया काम करत असतात, बाकीच्या फक्त टाके धरून असतात. या पद्धतीत सुई बदलते तिथे टाके सैल पडून उभी शिडी दिसू लागते. नव्या सुईवरचा पहिला टाका विणून झाला, की दुसरा टाका विणताना लोकर थोडी जास्त ओढायची, म्हणजे शिडी पडत नाही.

दुसरा मार्ग गोल सुईचा. दोन आखूड टोकं आणि त्यांना जोडणारी लवचीक नायलॉनची दोरी. टाके सगळ्या दोरीवर पसरतात आणि आपण न थांबता फेऱ्या घालत राहतो. टोपी, स्वेटरचं अंग, गळपट्टी या सगळ्यांना ही सुई सर्वांत सोयीची. हिचा एक फायदा फारसा बोलला जात नाही. लांब सरळ सुयांवर स्वेटर वाढत जातो तसतसं त्याचं सगळं वजन मनगटांवर येतं. गोल सुईवर ते वजन दोरीवरून मांडीत उतरतं. मनगट किंवा खांदा दुखणाऱ्यांनी सपाट विणकामसुद्धा गोल सुईवर करावं. ओळ संपली की फिरवायचं, एवढंच.

तिसरा मार्ग ‘मॅजिक लूप’ या नावाने ओळखला जातो. ८० किंवा १०० सेंटिमीटरच्या गोल सुईवर टाके निम्मे-निम्मे वाटतात आणि मधल्या दोरीचा फासा बाहेर ओढून ठेवतात. पुढचे निम्मे टाके पुढच्या टोकावर असतात. मागचं टोक ओढून मोकळं करायचं आणि त्याने पुढचे टाके विणायचे. मग विणकाम फिरवून उरलेले निम्मे. मोजा, बाळाची टोपी, बाहीचं टोक अशी लहान घेराची कामं एका लांब सुईवर होतात. यासाठी दोरी मऊ आणि बारीक हवी. ताठ दोरीचा फासा टाके ताणत राहतो.

लांबीचा एकच नियम

गोल सुई घेताना सर्वांत जास्त चूक लांबीत होते. ही लांबी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, दोरीसकट मोजतात. बाजारात साधारणपणे ४०, ६०, ८०, १०० आणि १२० सेंटिमीटरच्या सुया मिळतात. नियम एकच आहे : विणकामाचा घेर सुईच्या लांबीपेक्षा जास्त हवा. घेर ५० सेंटिमीटर आणि सुई ४० सेंटिमीटर असेल, तर टाके आरामात सरकतात. घेर ५० आणि सुई ६० असेल, तर टाके ताणले जातात, दोन टोकं एकमेकांपर्यंत पोहोचत नाहीत आणि विणणं अशक्य होतं. उलट बाजूने अडचण येत नाही. ८० सेंटिमीटरच्या सुईवर ११० सेंटिमीटर घेराचा स्वेटर चुण्या पडून छान बसतो.

म्हणून मोठ्या माणसाच्या टोपीला ४० सेंटिमीटरची सुई, लहान मुलांच्या स्वेटरला छातीचा घेर ६० पेक्षा जास्त असेल तर ६०ची आणि मोठ्यांच्या स्वेटरला ८०ची. नवजात बाळाचं डोकं साधारण ३५ सेंटिमीटर घेराचं असतं आणि त्याचं टोपरं त्याहून थोडं आवळ विणतात. तिथे ४०ची सुईही लांब पडते. टोपऱ्यासाठी आखूड सुयांचा संच घ्या, नाही तर लांब सुईवर फासा काढून विणा.

नंबरांचा घोळ

आपल्याकडे सुया अजूनही नंबरांनी मागतात. स्वेटरची बॉर्डर १२ नंबरवर आणि अंग १० नंबरवर, हे कितीतरी घरांत पाठ असतं. हे नंबर जुन्या ब्रिटिश मापाचे आहेत आणि ते तारेच्या मापावरून आले. धातूची तार छिद्रातून ओढून बारीक करतात. जितक्या वेळा ओढाल तितकी ती बारीक होते आणि नंबर वाढतो. म्हणून आपल्याकडे नंबर मोठा म्हणजे सुई बारीक. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे ३.२५ मिलिमीटर आणि १२ नंबर म्हणजे २.७५ मिलिमीटर.

अमेरिकेतले नंबर नेमके उलटे चालतात. तिथे नंबर मोठा म्हणजे सुई जाड. अमेरिकन ८ नंबर ५ मिलिमीटरचा असतो आणि अमेरिकन १० नंबर ६ मिलिमीटरचा. आता समजा, अमेरिकेतल्या लेकीने आईला टोपीचा नमुना पाठवला. ८ नंबरची सुई, १० सेंटिमीटरमध्ये १८ टाके, एकूण ९० टाके. टोपीचा घेर ५० सेंटिमीटर व्हायला हवा. आईने पुण्यात किंवा नाशकात दुकानातून ८ नंबरची सुई आणली, तर ती ४ मिलिमीटरची असणार. तिच्यावर मध्यम जाडीच्या लोकरीचे १० सेंटिमीटरमध्ये साधारण २२ टाके बसतात. टोपी ४१ सेंटिमीटरची होईल आणि जावयाऐवजी नातवाला बसेल. यात हाताचा काही दोष नाही. नंबर सोडून मिलिमीटर विचारायची सवय लावली, की हा घोळ मिटतो. घरात जुन्या सुया असतील आणि नंबर पुसले गेले असतील, तर छिद्रांची छोटी मापपट्टी मिळते. सुई ज्या छिद्रातून अलगद जाते, ते तिचं माप.

धातू, बांबू की लाकूड?

सुई कशाची घ्यावी, हे लोकर कोणती आहे यावर ठरवावं. आपल्या बाजारातली बरीचशी ‘लोकर’ खरं तर अॅक्रिलिक असते. ती गुळगुळीत असते आणि गुळगुळीत धातूच्या सुईवर तिचे टाके सटासट निसटतात. शिकणाऱ्या हातांना बांबूची किंवा लाकडाची सुई बरी, कारण ती टाका किंचित धरून ठेवते. मेंढीच्या खऱ्या, खरखरीत लोकरीला धातूची सुई चांगली. तिच्यावर टाके अडत नाहीत आणि वेग येतो. आखूड सुयांच्या संचाला तर पहिल्यांदा लाकूडच घ्यावं. धातूच्या आखूड सुया वजनाने सुटून खाली पडतात आणि टाके उघडे राहतात.

गोल सुई घेताना दोन गोष्टी हातात घेऊन तपासा. टोक आणि दोरी जिथे जुळतात तो सांधा नखाने चाचपा. तिथे कंगोरा लागला, तर प्रत्येक फेरीला प्रत्येक टाका तिथे अडकेल आणि लोकर पिंजली जाईल. दुसरी गोष्ट दोरीची. पाकिटात गुंडाळून राहिल्यामुळे ती स्प्रिंगसारखी वळलेली असते. गरम पाण्यात थोडा वेळ बुडवून हाताने सरळ ओढली, की ती ऐकते. टोकं आणि दोऱ्या वेगवेगळ्या मिळणारे, फिरकीने जोडायचे संचही आहेत. ते महाग पडतात. आपल्याला कोणती मापं सतत लागतात हे कळल्याशिवाय ते घेऊ नयेत.

या सुयांसाठी परदेशाकडे बघायची गरज नाही. उटीजवळच्या केट्टी या गावात १९४९ साली सुरू झालेला सुयांचा कारखाना ‘पोनी’ या नावाने सुया बनवतो आणि ‘निटप्रो’ या नावाने जगभर विकल्या जाणाऱ्या सुया नोएडाच्या कंपनीच्या आहेत. अमेरिकेतल्या दुकानातून कुणी हौसेने घेतलेली रंगीत लाकडी गोल सुई भारतातून गेलेली असू शकते.

विणकाम मुळात गोलच होतं

सपाट विणकाम आधीचं आणि गोल विणकाम ही पुढची, कठीण पायरी, असा आपला समज असतो. इतिहास वेगळं सांगतो. विणकामाचे जे सर्वांत जुने नमुने आज हातात आहेत, त्यांत इजिप्तमध्ये सापडलेले सुती मोजे प्रमुख आहेत. ते साधारण आठशे ते हजार वर्षांपूर्वीचे आहेत. निळीने रंगवलेलं सूत आणि पांढरं सूत अशा दोन रंगांची नक्षी त्यांवर आहे आणि ते गोलात विणलेले आहेत. त्याहूनही जुने, इसवी सनाच्या तिसऱ्या-चौथ्या शतकांतले लाल मोजे इजिप्तमध्येच सापडले. ते मात्र एका जाड सुईने गाठी घालून केलेले आहेत, त्यांना आपल्या अर्थाने विणकाम म्हणता येत नाही.

जर्मनीत हॅम्बुर्गच्या कलादालनात सन १४०० च्या सुमाराचं एक चित्र आहे. मास्टर बर्ट्रम या चित्रकाराच्या परंपरेतलं. त्यात येशूची आई मेरी बसून बाळासाठी अंगरखा विणते आहे. तिच्या हातात चार सुया आहेत आणि ती गळ्याचा घेर गोलात विणते आहे. सहाशे वर्षांपूर्वीच्या चित्रकाराला घरातली बाई विणताना दाखवायची होती, तेव्हा त्याला दिसली ती ही पद्धत.

सपाट विणकामाला मोठं बळ मिळालं ते यंत्रामुळे. १५८९ साली इंग्लंडमध्ये विल्यम ली याने मोजे विणण्याचं यंत्र बनवलं. ते सपाट कापड विणायचं, मग ते मोज्याच्या आकारात मागून शिवावं लागायचं. यंत्राला गोल विणायला शिकवायला दोनशेहून अधिक वर्षं गेली. मार्क ब्रुनेल याने १८१६ साली गोल विणणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. हाताला जे चार सुयांनी केव्हाच जमत होतं, तिथे यंत्र इतक्या उशिरा पोहोचलं.

हातांनी मात्र गोल विणकाम सोडलं नाही. ब्रिटनच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांचे ‘गॅन्सी’ नावाचे स्वेटर पाच लांब पोलादी सुयांवर गोल आणि अतिशय घट्ट विणले जात. त्यांची बाही खांद्यापासून मनगटाकडे विणत. दोरखंड ओढून मनगटाचा काठ झिजला, की तेवढाच भाग उसवून नव्या लोकरीने पुन्हा विणता येई, आख्खी बाही बदलावी लागत नसे. शेटलंड बेटांवरच्या रंगीत फेअर आयल स्वेटरांमध्येही गोल विणकाम आहे. चांगली बाजू सतत समोर असल्यामुळे दोन रंगांची नक्षी डोळ्यांसमोर उमटते आणि चूक लगेच दिसते. आपल्याकडे हिमाचलच्या लाहौलमध्ये बायका लोकरीचे नक्षीदार मोजे आणि हातमोजे विणतात. त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं आहे.

गोल सुईचा सर्वांत मोठा पुरस्कार केला तो एलिझाबेथ झिमरमन यांनी. १९१० साली इंग्लंडमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत विस्कॉन्सिनला स्थायिक झालेल्या या बाईंचं ‘निटिंग विदाउट टिअर्स’ हे पुस्तक १९७१ साली आलं. त्यांचं गणित फार सुंदर आहे. स्वेटरच्या छातीचे टाके १०० टक्के धरायचे. मग मनगटाला त्याचे २० टक्के, दंडाला ३३ टक्के आणि गळ्याला ४० टक्के. छातीचा घेर १०० सेंटिमीटर आणि १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके असतील, तर छातीला २२० टाके, मनगटाला ४४, दंडाला साधारण ७३ आणि गळ्याला ८८. कुणाच्याही मापाचा स्वेटर कुठलाही छापील नमुना न घेता विणता येतो. हे जमतं, कारण धड आणि हात हे मुळात तीन नळ्यांसारखेच आहेत, आणि गोल विणकाम नळ्यांचीच भाषा बोलतं.

नमुना-तुकडा गोलातच विणा

वर १० सेंटिमीटरमध्ये इतके टाके असं पुन्हा पुन्हा म्हटलं, ते आपल्या हाताचं माप असतं. एकाच लोकरीवर, एकाच सुईवर दोघींचं माप वेगळं येतं. २२० टाक्यांच्या स्वेटरमध्ये १० सेंटिमीटरला २२ ऐवजी २० टाके आले, तर १०० सेंटिमीटरचा स्वेटर ११० सेंटिमीटरचा होतो. दोन टाक्यांचा फरक अंगावर अर्ध्या वितीच्या सैलपणाइतका दिसतो.

इथे एक बारकावा आहे. अनेकींचा उलट टाका सुलट टाक्यापेक्षा थोडा सैल पडतो. सपाट तुकड्यात दोन्ही टाके असतात, गोल विणकामात फक्त सुलट. म्हणून सपाट तुकड्यावरून काढलेलं माप गोल स्वेटरला लागू पडेलच असं नाही. गोल तुकडा विणायला पूर्ण नळी लागत नाही. गोल सुईवर तीसेक टाके घाला. ओळ संपली की फिरवू नका. सगळे टाके सुईच्या दुसऱ्या टोकाकडे सरकवा, लोकर मागून सैल आणा आणि पुन्हा सुलट विणा. मागे लोंबणारे धागे नंतर मधोमध कापा. तुकडा धुवा, वाळवा आणि मग मधले १० सेंटिमीटर मोजा. माप सैल आलं तर एक माप बारीक सुई घ्या, घट्ट आलं तर एक माप जाड. आपला हात बदलायचा प्रयत्न करू नका. सुई बदलणं सोपं आहे आणि तेच बरोबर आहे.

पहिली टोपी

सुरुवातीला मोठ्या माणसाची टोपी घ्यावी. काम थोडकं असतं आणि गोल विणकामातलं सगळं त्यात येतं. मध्यम जाडीची लोकर, ४ मिलिमीटर म्हणजे आपल्याकडची ८ नंबरची, ४० सेंटिमीटर लांबीची गोल सुई आणि त्याच जाडीच्या आखूड सुयांचा एक संच. हाताचं माप १० सेंटिमीटरला २२ टाके धरू.

डोक्याचा घेर ५६ सेंटिमीटर असेल, तर टोपी त्याहून थोडी आवळ, ५१ सेंटिमीटरची विणायची, म्हणजे ती डोक्यावर धरून बसते. त्याचे होतात ११२ टाके. या आकड्याला चारने भाग जातो म्हणून दोन सुलट, दोन उलट अशी बॉर्डर नीट जुळते, आणि आठने भाग जातो म्हणून माथा नीट मिटतो. बॉर्डर ४ सेंटिमीटर विणा. पुढे नुसतं सुलट विणत राहा. टोपी काठापासून १४ सेंटिमीटर झाली, की माथ्याला सुरुवात करा.

माथ्यासाठी टोपीचे आठ भाग समजा, प्रत्येकात १४ टाके. पहिल्या फेरीत १२ टाके सुलट आणि पुढचे दोन एकत्र, असं आठ वेळा. ११२चे १०४ झाले. पुढची फेरी साधी सुलट. मग ११ टाके सुलट आणि दोन एकत्र. असं एकाआड एक फेरीला आठ-आठ टाके कमी करत ५६ टाक्यांपर्यंत या. त्यानंतर प्रत्येक फेरीला आठ कमी करा. टाके कमी होतील तसे ते गोल सुईवर ताणले जाऊ लागतील. तेव्हा ते आखूड सुयांवर घ्या. शेवटी आठ टाके उरले, की लोकर हातभर ठेवून कापा, सुईत ओवून त्या आठही टाक्यांतून फिरवा, घट्ट ओढा आणि टोक आतल्या बाजूला विणीत लपवा. टोपी उलटी करून बघा. माथ्यावर आठ पाकळ्यांचं फूल उमटलेलं असेल आणि कुठेही शिवण नसेल.

घरात आई, आत्या, काकू, सासूबाई अशी कुणी वर्षानुवर्षं दोन सुयांवर विणणारी असेल, तर तिला हे नव्याने शिकवावं लागणार नाही. तिच्या हातांना टाके येतातच. तिला आखूड सुयांचा संच किंवा एक ८० सेंटिमीटरची गोल सुई आणून द्या, पहिल्या फेरीला काठ पिळला नाही ना एवढं तिच्याबरोबर बसून बघा, आणि पुढच्या बाळाचं टोपरं बिनशिवणीचं होऊ द्या.